काळ्या कापडाचा पडदा

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. विळी, अडकित्ता, कोयता, माझी नकाशे काढण्याची कंपासपेटी, आखणीच्या लेखण्या, सगळे धुऊन पुसून पाटावर मांडले जाते. शेवटी कॅमेरा येतो. त्याला मी झेंडूचे एक फूल वाहतो आणि हात जोडतो. अक्षता वाहत नाही. सुनेला हा माझा विक्षिप्तपणा वाटतो. एकदा तिने अक्षतांची वाटी पुढे केली आणि मी ती बाजूला सारली, तेव्हा ती गोंधळून सासूकडे पाहू लागली. माझ्या पत्नीला कारण ठाऊक आहे. तिने नुसते, "राहू दे गं," म्हटले आणि निरांजन पुढे सरकवले.

मी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्याचे काम करतो. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात हा कॅमेरा मला मिळाला. काचेच्या तबकड्यांऐवजी फिल्मची गुंडाळी बसवण्याची सोय त्यात होती, आणि आमच्या गावात तेव्हा ती अपूर्वाई होती. पण मला त्याहूनही अभिमान होता तो त्याच्या पडद्याचा. इंग्रजीत त्याला शटर म्हणतात. भिंगापुढे बसवायची ती एक छोटी लाकडी चौकट. तिच्या आत वर एक आणि खाली एक असे दोन रूळ, रुळांवर काळ्या रेशमी कापडाचा पडदा, आणि कापडाच्या मधोमध कापलेली एक खिडकी. बाहेरची दोरी ओढली की कापड वरच्या रुळावर गुंडाळले जाई आणि खटका अडके. रबराचा फुगा दाबला की खटका सुटे, खालच्या रुळातली स्प्रिंग कापड खाली खेचून घेई, आणि जाता जाता ती खिडकी भिंगासमोरून सरकून जाई. तेवढाच वेळ आत प्रकाश पडे. इतर फोटोग्राफर भिंगाचे झाकण हाताने काढून पुन्हा लावत आणि समोरच्या माणसांना श्वास रोखून बसवत. माझ्यापुढे बसणाऱ्याला मी ऐटीने सांगत असे, "हसा, बोला, खुशाल हला. पापणी लवायच्या आत काम होईल."

कचेरीत माझ्या शेजारच्या मेजावर एक ख्रिस्ती नकलनवीस बसत. त्यांचे गाव घोडबंदरच्या वाटेवर. फिरंग्यांच्या अमदानीत त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले, परंतु शेती भाताचीच राहिली आणि घरातली बोली मराठीच. त्यांचे अक्षर मोत्यांच्या ओळींसारखे, स्वभाव अबोल. रविवारी ते देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, फिडल वाजवीत. दसरा होऊन काही दिवस झाले असतील, तेव्हा एकदा ते माझ्या मेजापाशी येऊन उभे राहिले. 

"भाऊसाहेब, तुमच्या यंत्राचं एक काम होतं."

त्यांचा धाकटा भाऊ कल्याणला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. त्याला झांजिबारच्या गोदीत नोकरी मिळाली होती आणि तो पुढल्या मंगळवारी बोटीत बसणार होता. आईने सत्तरी ओलांडलेली. मुलगा परत येईतो आपण असू की नसू, हे तिने स्वतःच बोलून दाखवले होते. तिला मुलाची तसबीर नको होती. "त्याचा तोंड मना ठाव हाय," असे ती म्हणे. तिला हवे होते ते उलटेच: आपली तसबीर मुलाच्या पेटीत जावी.

मी आनंदाने होकार दिला. त्या आनंदात उपकाराचा किती अंश होता हे तेव्हा मला दिसले नाही.

शनिवारी कचेरी सुटल्यावर मी बैलांच्या दमणीतून कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेलो, अंगण पाहिले, सकाळी ऊन कुठून येते ते विचारले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे ओझे आणायला नको म्हणून कॅमेरा तिथेच ठेवला. मावशींनी, म्हणजे नकलनवीसांच्या आईने, तो कोनाड्यात क्रुसाच्या शेजारी जागा करून ठेवला. कोंबड्या वर चढतात म्हणून भोवती सुपे लावली. मी बजावले, "मावशी, कुणी हात लावू नये हं."

"नाय रं भाऊ. कोन लावतो?"

रविवारी प्रार्थना आटोपून मंडळी परतली तेव्हा मी अंगणात तिपाई मांडून तयार होतो. मावशी ठेवणीतले तांबडे लुगडे नेसून बाकावर बसल्या. दोन्ही मुलगे दोन बाजूंना उभे राहिले. धाकटा मोठा गमत्या होता. आईने हात पदराखाली घेतलेले पाहून तो ओरडला, "आय, हात बाहेर कार! ते हात दिसले पायजेत. त्यानीच भाकर दिली नि त्यानीच थोबारला."

"मेल्या, कमी थोबारला, म्हनून परदेशी चाललास," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. मोठे, सावळे हात. तांदळाची भाकरी पोळपाटाशिवाय नुसत्या तळव्यांवर थापून ते रुंद झाले होते. उजव्या हाताची करंगळी कधीतरी विळ्याने कापलेली असावी. ती आत वळलेली होती.

"तोच बोट दिसू दे," धाकटा म्हणाला. "त्या बोटावरून मी आय वळखीन."

मी दोरी ओढली. ती किंचित जड लागली, पण माझे लक्ष मावशींच्या हातांकडे होते. फुगा दाबला. एरवी सर्रकन होणारा आवाज झाला नाही. काहीतरी करकरले आणि मध्येच थांबले. मी पुन्हा दोरी ओढली. ती वर येईना. मंडळी पाहत होती. मी हिसका दिला, आणि चौकटीच्या आत कापड फाटल्याचा आवाज झाला. तो आवाज अंगणात सगळ्यांनी ऐकला.

मी चौकट काढून उन्हात धरली. वरच्या लाकडावर पाण्याचे थेंब वाळून पांढुरके डाग पडले होते.

"यावर पाणी कुणी टाकलं?"

मुलगे एकमेकांकडे पाहू लागले. मग मावशी बाकावरूनच म्हणाल्या, "मीच शिंपरला. देवलातला पानी हाय ते, मंतरलेला. मना वाटला पोरासाठी तसबीर बरी येल."

"पाणी? रेशमाच्या पडद्यावर?" माझा आवाज चढला. माझा आवाज सहसा चढत नाही, त्यामुळे तो मलाच परका वाटला. "मावशी, हे यंत्र आहे. देव्हाऱ्यातला देव नाही. मी काल काय सांगून गेलो होतो? हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

धाकटा पुढे आला. "बघू का मी उघडून? स्क्रू आपल्या हातचे हायेत."

"नको," मी म्हणालो. "आता पुरे झाले हात."

मावशींनी गुडघ्यांवरचे हात उचलले आणि पदराखाली घेतले. मी पाहिले. पाहूनही चौकट पेटीत ठेवीत राहिलो.

"मंग तसबीर नाय होनार?" त्यांनी विचारले.

"नाही."

नकलनवीस मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. पेटी त्यांनीच उचलली होती. दमणीत ती ठेवताना म्हणाले, "आईची चूक झाली, भाऊसाहेब. जुनं माणूस. मनाला लावून घेऊ नका." मी "असो" म्हणालो, जणू क्षमा माझ्या पदरची होती आणि मी ती देऊन टाकत होतो.

दमणी अर्ध्या वाटेवर आली तेव्हा मला उमगले की तसबीर काढता आली असती. चौकट बाजूला ठेवून नुसत्या भिंगाने काम झाले असते. माझ्या डोक्यावरची टोपी भिंगापुढे धरायची, त्यांना जरा स्तब्ध बसवायचे, टोपी बाजूला घ्यायची आणि परत धरायची, की झाले. इतर फोटोग्राफर रोज तेच करतात. ऊन होते, फिल्म होती, तिघेही अंगणात तसेच असतील. बैल वळवायला सांगायचे होते, एवढेच. पण मी नुकताच मोठ्या मनाने क्षमा करून आलो होतो. परत जाऊन काय सांगणार होतो? की चुकलेल्या माणसाला दटावताना मला माझे काम सुचले नाही? मी गाडीवानाला काही बोललो नाही. आमच्या गावचे तळे दिसू लागेपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो की ऊन आता फार चढले आहे.

सोमवारी आणि मंगळवारी नकलनवीस रजेवर होते. भावाला बोटीवर पोचवायला गेले होते. कचेरीत सहज विषय निघाला आणि मी झालेली हकीकत सांगितली. सांगता सांगता ती रंगत गेली. मी म्हणालो, "काय करणार, म्हातारीने माझ्या यंत्राला बाप्तिस्माच दिला!" सगळे खदखदून हसले. मी अबोल माणूस, माझ्या बोलण्याला कचेरीत इतके कधी कोणी हसले नव्हते. ते मला आवडले, हे इथे लिहिलेच पाहिजे.

बुधवारी ते परतले, तेव्हा पलीकडच्या मेजावरून कोणीतरी हाक दिली, "काय हो, यंत्र बाटवलंत म्हणे! नाव काय ठेवलं त्याचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. थोडे हसले, टाकाचे टोक पुसले आणि म्हणाले, "नाव ठेवायच्या आधीच मोडलं." पुन्हा हशा झाला. मी समोरच्या नकाशावर एक सरळ रेघ ओढत होतो. ती रेघ पुढे मला खोडावी लागली.

त्याच आठवड्यात सुटीच्या दिवशी मी चौकट उघडली. खिडकीपाशी पांढरे धोतर अंथरले, म्हणजे स्क्रू पडला तरी दिसावा. चारी स्क्रू काढून पुढची फळी अलगद उचलली. पाण्याने लाकूड फुगले असेल, कापड आखडले असेल, अशा अपेक्षेने मी पाहत होतो. आत सगळे कोरडे होते. पाण्याचा थेंबही आत गेला नव्हता. डाग वरच्या पॉलिशवरच होते, ओल्या फडक्याने पुसले असते तर निघाले असते.

खालच्या रुळाच्या आणि चौकटीच्या कडेच्या फटीत मात्र तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. लाल दाणा. रूळ त्याच्यावर अडकला होता, आणि मी दोरीला हिसका दिल्यावर कापड रुळापासून फाटत गेले होते. मी चिमट्याने दाणा काढला आणि तळहातावर घेतला. त्याचे कुंकू घामाने माझ्या हाताला लागले.

खंडेनवमीला मी कॅमेरा पाटावर उताणा ठेवला होता, भिंगाचे तोंड वर करून. फूल वाहिले, चौकटीला गंध लावले, आणि मूठभर अक्षता वरून टाकल्या. चौकटीचे तोंड उघडेच होते. दसऱ्यानंतर त्या रविवारपर्यंत मी कॅमेऱ्याने एकही तसबीर काढली नव्हती.

पत्नी पाणी घेऊन आली होती. माझ्या हातावर काय आहे ते तिने वाकून पाहिले. तिला सगळी हकीकत ठाऊक होती, बाप्तिस्म्याची थट्टासुद्धा. घरी मी तीही सांगितली होती.

"ही तर आपली अक्षत," ती म्हणाली.

"हो."

"देव काय डबीच्या आत बसला होता, म्हणून आत वाहिलीत?"

मी दाणा धोतरावर ठेवला. ती खाली बसली. मग थट्टा सोडून म्हणाली, "त्या माउलीनं पाणी शिंपडलं ते कशासाठी? आणि आपण अक्षता टाकल्या त्या कशासाठी? यंत्रानं बरं काम करावं म्हणूनच ना? उद्याच्या उद्या जा आणि सांगून या."

"पडदा दुरुस्त होऊ दे. कॅमेरा घेऊनच जातो. सांगतो आणि तसबीरही काढतो."

तेव्हा मला हा विचार शहाणपणाचा वाटला. रिकाम्या हाताने जाऊन नुसती माफी मागण्यापेक्षा भरपाई घेऊन जावे, असे मी स्वतःला पटवले. आता कळते की दुरुस्ती हा माझा आडोसा होता. ती चालू असेपर्यंत मला त्या अंगणात पाय ठेवावा लागणार नव्हता. म्हणून ती दुरुस्ती मी इतक्या निगुतीने केली की कोणत्याही कारागिराने कौतुक करावे.

फाटलेले कापड जोडण्यासारखे नव्हते. नवे हवे होते. छत्रीचे कापड लावून पाहिले, ते जाड पडले आणि रुळावर त्याचा गठ्ठा झाला. ठाण्याच्या बाजारात मिळालेले रेशीम उन्हात धरले तर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोके दिसत. तेवढ्यातून प्रकाश शिरून फिल्म खराब झाली असती. शेवटी कल्याणला गेलो. तिथे एका कापडवाल्याकडे घट्ट विणीचे काळे रेशीम मिळाले. परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनाजवळ उभे राहिले की शेडमधून लोखंडावर घण पडण्याचे आवाज येत. धाकटा त्यांतल्याच एखाद्या आवाजाजवळ कालपरवापर्यंत उभा असेल. "स्क्रू आपल्या हातचे हायेत." त्याने उघडले असते तर दाणा सगळ्यांसमोर निघाला असता, हशा माझ्यावर झाला असता, आणि चौकटीवाचून नुसत्या भिंगानेही तसबीर निघाली असती. तसबीर त्याच्या पेटीत असती. मी गाडी येईपर्यंत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

कापड रुळाला चिकटवायला आधी खळ वापरली. ती वाळून कडक झाली आणि कापडाला चिरा गेल्या. मग सुताराकडचा सरस आणला. तो ऊन असताना पातळ लावावा लागतो, नाहीतर डाग बाहेर फुटतात. खिडकीच्या कडा उसवत होत्या, त्या पत्नीने बारीक टाक्यांनी दुमडून दिल्या. टाके घालताना ती म्हणाली, "पडदा झाला की नाही अजून? की त्याच्यामागे उभं राहायला बरं वाटतंय?"

स्प्रिंगला किती पीळ द्यावा हे शेवटचे आणि नाजूक काम. कमी दिला तर पडदा वाटेत रेंगाळतो, जास्त दिला तर सगळी चौकट हादरते आणि तसबिरीतले चेहरे हलतात. मी एकेक पीळ वाढवत होतो, फुगा दाबत होतो, कान देऊन ऐकत होतो. पाच-सहा दिवसांत जे झाले असते त्यापायी मी नाताळ जाऊ दिला, संक्रांत जाऊ दिली. मध्यंतरी कचेरीत नकलनवीसांच्या शेजारी रोज बसत होतो. एकदा त्यांनी विचारलेदेखील, "यंत्र झालं का नीट?" मी म्हणालो, "होतंय." त्यांनी "बरं" म्हटले. आईविषयी ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

अखेर माघ सरत आला तेव्हा गेलो. त्यांचे उपासाचे दिवस सुरू झाले होते. दुपारच्या आधीचे ऊन अंगणात असे पडले होते की बाकावर हात टेकवत नव्हता. मावशी ओसरीवर वाळत घातलेल्या मिरच्या निवडत होत्या. मला पाहून उठल्या, "ये रं भाऊ, ये," म्हणाल्या, आणि माझ्या हातातली पेटी दिसताच दोन पावले मागे सरल्या.

मी पेटी ओसरीच्या कडेला ठेवली आणि उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. वाक्ये घरून जुळवून आणली होती, त्यांतले एकही नीट आले नाही. पण सगळे सांगितले. अक्षतेचा दाणा, उघडी चौकट, कोरडे लाकूड. "मावशी, तुमच्या पाण्यानं काही झालं नव्हतं. पडदा माझ्यामुळे अडकला आणि माझ्याच हिसक्यानं फाटला. तुम्हाला बोललो ते चुकलो. मुलगा गेला, त्याला तुमची तसबीर मिळाली नाही, तीही माझ्यामुळे."

नकलनवीस दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. मावशींनीही ऐकून घेतले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आले, लहान मूल काही गोड खोटे बोलले म्हणजे मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर येते तसे.

"भला मानूस हायेस तू," त्या म्हणाल्या. "म्हातारीला वाईट वाटला असल म्हनून एवढ्या उनाचा आलास."

"नाही मावशी, खरंच सांगतो आहे. दाणा मी माझ्या हातानं काढला."

"असल रं, दानाबी असल. पन पानी तं मी शिंपरला. तू सांगून गेल्ता, हात लावू नको म्हनून." त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि ठेवताना पेटीपासून लांबून वळसा घेतला. "झाला गेला. तू कशाला मनाला लावतोस?"

मी नकलनवीसांकडे पाहिले. ते काही बोलतील, आईला समजावतील, असे वाटले. ते फक्त म्हणाले, "आई, भाऊसाहेब तसबीर काढायला आले आहेत. बस ना."

मावशी बसायला तयार नव्हत्या. "कशाला? परत मोरल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे. त्यांचे मन पालटले. आत जाऊन तांबडे लुगडे नेसून आल्या, बाकावर बसल्या, आणि बसताक्षणी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मावशी, हात बाहेर. धाकट्यानं सांगितलं होतं ना, ते बोट दिसायला हवं म्हणून."

"नको. या हातानी तुझा यंतर एकदा मोरला. आतच बरे."

"हातांनी काही होत नाही हो."

"तू कार," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एखाद्या गोष्टीची काळजी घ्यायला माणूस शिकला म्हणजे जसा बोलतो तसा तो आवाज होता. शिकवणारा मी होतो.

मी पुन्हा एकदा विनवले. मग दोरी ओढली. ती तेल दिल्यासारखी अलगद आली. फुगा दाबला. सर्रकन आवाज झाला, स्वच्छ, अखंड, आणि पडदा खाली जाऊन बसला. इतके निर्दोष काम त्या चौकटीने याआधी किंवा यानंतर कधी केले नसेल.

कचेरीतही मी खरी हकीकत सांगितली. मंडळींनी ऐकली, एकदोघे "अस्सं?" म्हणाले. पण तिच्यात गंमत नव्हती. चार दिवसांनी पुन्हा कोणीतरी बाप्तिस्म्याचीच आठवण काढून हसले. माझी थट्टा माझ्या खऱ्या हकीकतीपेक्षा चांगली टिकली.

तसबीर छापून दिली, ती झांजिबारला गेली. बऱ्याच महिन्यांनी, पाऊस उघडला तेव्हा, एक दिवस कामाच्या मधल्या सुटीत नकलनवीस म्हणाले, "धाकट्याला तसबीर पोचली. पेटीच्या झाकणाला आतून लावली आहे म्हणतो."

मला बरे वाटले. ते त्यांना दिसले असावे, कारण पुढचे ते चाचरत बोलले.

"विचारलंय, आईच्या हातांना काही झालं आहे का म्हणून. काही लपवता आहात का, असं विचारतो."

पलीकडच्या मेजांवर डबे उघडले जात होते. मी म्हणालो, "मी या रविवारी येतो. पुन्हा काढू. हात बाहेर घेऊन. मी त्यांना समजावतो."

त्यांनी मान हलवली. "आता राहू द्या, भाऊसाहेब. ती परत बसायची नाही. त्या दिवशीसुद्धा तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बसली."

"मग त्याला काय कळवणार? खरं काय ते कळवा. माझ्यामुळे झालं म्हणून कळवा."

"कळवलं मी," ते म्हणाले. "थंडी होती, म्हणून हात पदराखाली होते, असं लिहिलं."

आणि त्यांनी अर्धी राहिलेली नक्कल पुढे ओढून टाक शाईत बुडवला. त्या तसबिरीची एक प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात अंगण उन्हाने पांढरे झाले आहे, ओसरीवर मिरच्या वाळत आहेत, आणि ऊन सोसत नाही म्हणून मावशींचे डोळे बारीक झाले आहेत.